एनजीसी २९०३ : लांब फोकल लेंथ आणि गाइडिंगच्या नोंदी, नागपूर

२१ डिसेंबर २०२४, शनिवार

नागपूरचा अक्षांश २१.१५ अंश. ज्यांची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर, अंशांत) याच्या आसपास आहे, ते सगळं आपल्या अगदी डोक्यावरून जातं. संध्याकाळी तक्ता घेऊन बसलो आणि तीन नावं निघाली. वृषभ राशीतला खेकडा तेजोमेघ, म्हणजे एम १, +२२.०. मिथुन राशीतला एनजीसी २३९२, +२०.९. आणि सिंहाच्या जबड्याजवळची दीर्घिका एनजीसी २९०३, +२१.५. तिन्ही आपल्या खमध्यापासून एका अंशाच्या आत. तिथे हवेचा थर सगळ्यात पातळ. शहरातल्या गच्चीवरून फोटो काढणाऱ्याला एवढी एक गोष्ट आयती मिळत असेल तर ती वापरायलाच हवी.

या हंगामाचं काम ठरलं : एनजीसी २९०३. विल्यम हर्शलने १७८४ मध्ये नोंदवलेली, मेसियेच्या (‘एम’ क्रमांकांच्या) यादीत नसलेली, साधारण तीन कोटी प्रकाशवर्षांवरची. लांबी जेमतेम १२ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. आजवर माझं सगळं काम ४०० मिमी फोकल लेंथच्या छोट्या दुर्बिणीवर झालं. तिच्यात ही दीर्घिका तांदळाच्या दाण्याएवढी येते. बाहू वेगळे दिसायचे तर लांब फोकल लेंथ पाहिजे.

साहित्य : सेकंडहँड घेतलेली ८ इंची श्मिट-कॅसेग्रेन, व्यास २०३ मिमी, फोकल लेंथ २०३२ मिमी, एफ/१०. ईक्यू६ जातीचं माउंट, म्हणजे आकाशाबरोबर दुर्बीण फिरवणारी बैठक. थंड करता येणारा रंगीत कॅमेरा, पिक्सेल ३.७६ मायक्रॉन, चौकोनी सेन्सर ३००८ × ३००८. गाइडिंगला, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल सतत दुरुस्त करायला, ५० मिमीची छोटी दुर्बीण, फोकल लेंथ २०० मिमी, तिच्या मागे ३.७५ मायक्रॉनचा मोनो कॅमेरा. लॅपटॉपवर पीएचडी२ हे गाइडिंगचं सॉफ्टवेअर.

इमेज स्केलचा हिशेब सोपा आहे. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्यायचा, २०६.२६५ ने गुणायचा, फोकल लेंथच्या मिलिमीटरने भागायचा. एका पिक्सेलमध्ये किती विकला (कलेचा साठावा भाग) मावतात ते मिळतं. मुख्य दुर्बिणीवर ०.३८. गाइडच्या दुर्बिणीवर ३.८७. म्हणजे गाइड कॅमेऱ्यात तारा पिक्सेलच्या दहाव्या भागाएवढा सरकला, तर इकडे तो पुरा एक पिक्सेल सरकलेला असतो. ताऱ्याचा मध्य पीएचडी२ साधारण पिक्सेलच्या दहाव्या-पाचव्या भागापर्यंत काढतं. कागदावर तरी जमायला हवं.

२८ डिसेंबर, शनिवार

एनजीसी २९०३ सध्या पहाटे तीननंतर माथ्यावर येते. म्हणून सरावाला एम १ घेतला, तो साडेअकराच्या सुमारास डोक्यावर असतो. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी ज्या ‘पाहुण्या ताऱ्या’ची नोंद केली, त्याचे हे अवशेष.

ध्रुवीय जुळणीला, म्हणजे माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखायला, वेळ लागला. आपल्याकडे ध्रुवतारा २१ अंशांवर, तोही नेमका शहराच्या उजेडावर तरंगणारा. अक्षांश कमी असल्यामुळे वजनांचा दांडा जवळपास सरळ खाली येतो आणि वजन तिपाईच्या उत्तरेकडच्या पायाला घासतं. दांड्याला जोडतुकडा लावूनच मांडणी करावी लागते. शिवाय एवढ्या कमी उंचीवर हवेच्या वक्रीभवनाने ध्रुवबिंदू साधारण अडीच कला वर उचललेला दिसतो. जुळणी दोन कलांपर्यंत आणायची म्हटल्यावर ही अडीच कला सोडून चालत नाही. सॉफ्टवेअरमध्ये वक्रीभवनाची खूण टाकली.

गाइडिंग सुरू झाल्यावर आलेख फार छान दिसला. एकूण आरएमएस (गाइड तारा जागेवरून सरासरी किती हलतो तो आकडा) ०.७२ विकला. ३०० सेकंदांच्या बारा फ्रेम घेतल्या.

सकाळी फ्रेम मोठ्या करून पाहिल्या तर तारे लांबट. प्रत्येक फ्रेममध्ये, एकाच दिशेने, कोपऱ्यात तसेच मध्यभागी. रुंदी ३.६ विकला, लांबी ५. आलेख सांगतो की तारा जागचा हलला नाही आणि फोटो सांगतो की हलला.

२९ डिसेंबर, रविवार

पहिली आणि बारावी फ्रेम एकावर एक ठेवून मोजलं. एका तासात सगळे तारे १५६ पिक्सेल सरकले. फ्रेममागे १३ पिक्सेल, म्हणजे पाच विकला. तासाला एक कला.

आधी शंका ध्रुवीय जुळणीची आली. पण तिच्यातल्या चुकीने चित्र गाइड ताऱ्याभोवती गोल फिरतं. जुळणीत दोन कलांची चूक आणि गाइडची दुर्बीण मुख्य दुर्बिणीपासून एक अंश वाकडी असं धरलं, तरी तासाला अर्धी-पाऊण विकलाच भरते. साठ नाही. माउंटच्या वर्मची (अक्ष फिरवणाऱ्या स्क्रूसारख्या गियरची) लय ४७९ सेकंदांची, ती पुढे-मागे झोके देते, एकाच दिशेला ओढून नेत नाही. उरतं एकच : गाइडची दुर्बीण एकीकडे बघते आहे आणि मुख्य दुर्बीण हळूहळू दुसरीकडे झुकते आहे. याला डिफरन्शियल फ्लेक्शर म्हणतात. ४०० मिमीवर हेच झुकणं माझ्याकडे नक्की होत असणार, पण तिथे एक पिक्सेल जवळपास दोन विकलांचा, म्हणून कधी दिसलं नाही.

४ जानेवारी २०२५, शनिवार

पूर्ण रात्र याच तपासणीला दिली. फोटो काढायचाच नव्हता, त्यामुळे चंद्राची पर्वा नव्हती.

गाइडची दुर्बीण तीन-तीन स्क्रूंच्या दोन कड्यांमध्ये बसवली होती. स्क्रूंची टोकं नायलॉनची. बोटाने नळी दाबली की पीएचडी२ च्या पडद्यावर तारा सरकताना दिसत होता, सोडली की पूर्ण परत येत नव्हता. कडी काढली, नळी थेट पट्टीवर दोन क्लॅम्पांनी आवळली. लोंबणारी कॅमेऱ्याची केबल माउंटच्या डोक्याशी आणून बांधली. पुन्हा एक तास मोजलं : १५६ वरून ७०.

अर्ध्याहून जास्त चूक कड्यांची निघाली. फ्रेममागे आता सव्वादोन विकला, आणि तारे बघायला जवळजवळ गोल. इथेच थांबायचा मोह होतो. पण ते गोल दिसतात कारण हवाच त्यांना साडेतीन विकलांपर्यंत पसरवते आहे. त्या फुगवट्यात सव्वादोनचं सरकणं झाकून जातं. ज्या रात्री हवा शांत असेल आणि तारा अडीच विकलांवर येईल, त्याच रात्री हा लांबटपणा वर येईल. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात चांगल्या रात्रीच वाया जातील.

उरलेले ७० कुठले, त्याचं उत्तर पावणेबाराच्या सुमारास मिळालं. एम १ माथ्यावरून पश्चिमेला कलला, मी मुद्दाम माउंट उलटवलं (माथा ओलांडल्यावर दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला घेतात ते) नव्हतं. एका फ्रेममध्ये प्रत्येक ताऱ्याशेजारी एक फिकट जुळा उमटला, ४० पिक्सेलवर. आलेखावर त्या क्षणी काहीही नाही, सरळ रेघ. श्मिट-कॅसेग्रेनचा मुख्य आरसा मधल्या नळीवर पुढे-मागे सरकून फोकस होतो, आणि त्या नळीवर त्याला केसभर सैलपणा असतो. दुर्बीण पूर्वेकडे कललेली असेपर्यंत आरसा एका अंगाला रेलतो. डोक्यावरून पुढे गेली की दुसऱ्या अंगाला पडतो. नागपूरच्या खमध्यावरून जाणारी वस्तू घेतली की हे बरोबर मध्यरात्री, कामाच्या ऐन भरात होणार.

वरच्या छोट्या दुर्बिणीला हा आरसा दिसतच नाही. ती कितीही घट्ट आवळली तरी दिसणार नाही. गाइडिंगचा तारा त्याच आरशातून यायला हवा.

ऑफ-ॲक्सिस गाइडर (ओएजी) मागवला.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

गाइडर आला. मुख्य कॅमेऱ्याच्या समोर एक चपटी कडी, तिच्या काठाशी छोटा प्रिझम; तो दुर्बिणीतून येणाऱ्या प्रकाशाच्या कडेचा तुकडा बाजूच्या गाइड कॅमेऱ्याकडे वळवतो. प्रिझम इतकाच आत घ्यायचा की सेन्सरवर त्याची सावली पडणार नाही.

दोन्ही कॅमेरे एकाच वेळी फोकसमध्ये असले पाहिजेत, आणि ही जुळणी रात्री ताऱ्यांवर करायला गेलं तर तासन् तास अंधारात चाचपडावं लागतं. म्हणून दिवसा केली. गच्चीवर सगळीकडे पतंग आणि ‘ओ काट’चा गलका. दूरच्या मोबाइल टॉवरवर मुख्य कॅमेरा फोकस केला, तो तसाच ठेवून गाइड कॅमेरा त्याच्या नळीत कणाकणाने बाहेर ओढला. टॉवरच्या लोखंडी जाळीची कड स्वच्छ दिसली तिथे आवळला आणि नळीवर पांढऱ्या पेनाने खूण केली. दुपारी माउंटला मांजाचा गुंता येऊन पडला होता, तो कात्रीने कापून काढला. वर्मच्या झाकणात धागा गेलेला नाही, बॅटरीच्या उजेडात नीट पाहिलं.

१९ जानेवारी, रविवार

काल रात्री ओएजीवर पहिलं गाइडिंग. तारा लगेच मिळाला, पण आरएमएस ५.१ विकला. कॅलिब्रेशन (माउंटला धक्के देऊन तारा किती आणि कुठे सरकतो ते मोजणं) दोनच पायऱ्यांत संपलं, म्हणून सॉफ्टवेअरची सूचनाही आली.

तासभर माउंटचे दात, बेल्ट, वजनांचा तोल तपासत राहिलो. कारण साधं निघालं. पीएचडी२ विकलांचा आकडा आपण भरलेल्या फोकल लेंथवरून काढतं. जुन्या प्रोफाइलमध्ये २०० मिमीच राहिली होती. आता गाइडिंग मुख्य दुर्बिणीतून होतं, आणि तिला या वेळी ०.६३ चा रिड्यूसर (फोकल लेंथ कमी करणारं भिंग) लावलेला होता, म्हणजे साधारण १३०० मिमी. पडद्यावरचा आकडा खऱ्याच्या साडेसहा पट फुगला होता. खरा आरएमएस ०.७८. कॅलिब्रेशनचंही तेच : जुन्या मापाने माउंटला प्रत्येक पायरीला २००० मिलिसेकंदांचा धक्का मिळत होता, लांब फोकल लेंथवर तारा दोन धक्क्यांतच लांब जाऊन बसायचा.

नवीन प्रोफाइल केली. गाइड कॅमेरा २ × २ बिनिंगवर (चार पिक्सेल मिळून एक) घेतला, कारण तिथल्या एका ताऱ्याचा प्रकाश फार पिक्सेलांवर पसरतो आणि मध्य काढताना नॉइजच जास्त मिसळतो. पायरी ३५० मिलिसेकंद. कॅलिब्रेशन वैषुविक वृत्ताजवळ, याम्योत्तर वृत्ताच्या (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेच्या) थोडं पूर्वेला. या वेळी डझनभर पायऱ्या झाल्या आणि दोन्ही अक्षांच्या रेषा काटकोनात आल्या.

मग एका तासाच्या फ्रेम घेऊन पहिली-शेवटची मोजली. सरकणं ३ पिक्सेल.

आकडा १५६ चा ३ झाला. आरएमएस मात्र ०.७२ वरून ०.७८ झाला, म्हणजे आलेख पाहणारा म्हणेल गाइडिंग बिघडलं. लांब फोकल लेंथला हात घालणाऱ्या प्रत्येकाला मी हे दोन आकडे शेजारी-शेजारी दाखवीन. आलेख गाइड कॅमेऱ्याची हकीगत सांगतो. फोटोतल्या ताऱ्याची हकीगत फोटोतच मोजावी लागते.

२५ जानेवारी, शनिवार

रिड्यूसर ठेवायचा की काढायचा, हा प्रश्न आज निकालात काढला.

रिड्यूसरच्या मागे सेन्सरपर्यंत १०५ मिमी अंतर धरलेलं असतं. तेवढं असलं की २०३२ चे १२८० व्हायला हवेत. माझ्याकडे कड्या आणि गाइडर मिळून अंतर थोडं वेगळं बसलं, आणि प्लेट सॉल्व्हने (फोटोतले तारे नकाशाशी जुळवून) फोकल लेंथ १३१६ मिमी दिली. हीच खरी धरली. स्केल ०.५९ विकला, फ्रेम साडेएकोणतीस कलांची. दीर्घिका आरामात मावते.

आता प्रश्न हवेचा. एनजीसी २३९२ च्या भागातल्या ताऱ्यांची रुंदी गच्चीवरून रात्रभर मोजत राहिलो, दहा-दहा सेकंदांच्या फ्रेममध्ये, म्हणजे माउंटची चूक फारशी मिसळणार नाही. संध्याकाळी आठला ४.३ विकला. अकराला ३.६. पहाटे दोनला ३.२. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत ऊब सोडत राहतो. अनवाणी उभं राहिलं की तळव्यांना कळतं.

तारा दोन ते तीन पिक्सेलांवर पसरला की त्यातली माहिती पुरेशी नोंदली जाते. साडेतीन विकलांच्या ताऱ्याला सव्वा विकलाचा पिक्सेल पुरतो. २०३२ मिमीवरचा ०.३८ चा पिक्सेल घेतला तर तोच तारा नऊ पिक्सेलांवर पसरेल. चित्र मोठं दिसेल, तपशील तेवढाच, आणि प्रत्येक पिक्सेलला प्रकाश मात्र तुटपुंजा. ८ इंची आरशाची स्वतःची मर्यादा ०.५७ विकलांची आहे, पण नागपूरच्या गच्चीवर त्या मर्यादेपर्यंत हवा पोचूच देत नाही.

गाइडिंग किती चांगलं हवं, तेही याच हिशेबात येतं. गाइडिंगची चूक हवेच्या पसरण्यात सरळ मिळवायची नसते, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं. एका अक्षाच्या आरएमएसला २.३६ ने गुणून रुंदी काढायची. हवा ३ विकलांची, चूक ०.७ ची : तारा ३.४ चा. तीच चूक ०.५ वर आणली : ३.२. म्हणजे एवढी मेहनत करून जेमतेम सहा टक्के. पण चूक १.२ असेल तर तारा ४.१ वर जातो, आणि एकाच अक्षात असेल तर लांबट होतो. म्हणून माझा नियम : दोन्ही अक्षांचा आरएमएस ०.७ च्या खाली आणि एकमेकांच्या जवळ. एक ०.४ आणि दुसरा ०.९ असण्यापेक्षा दोन्ही ०.७ असलेले बरे.

निर्णय : रिड्यूसर राहील. गच्चीवरच्या फ्रेम प्रक्रियेत २ × २ बिन करीन, स्केल १.१८.

१ फेब्रुवारी, शनिवार

रात्री साडेदहाला आलेखावर एकामागून एक चार टोकं उभी राहिली. ॲग्रेसिव्हनेस (दुरुस्तीचा जोर) कमी करायला गेलो, तेवढ्यात दार वाजलं. आई दुधाचा पेला घेऊन वर आली होती.

“अरे, अजून नाही निघाला का फोटो? दूध घे, थंड होऊन राहिलं.”

चार टोकं म्हणजे जिन्याच्या दारापासून माझ्या खुर्चीपर्यंतची तिची पावलं. तिला पुन्हा दारापर्यंत जाऊन यायला सांगितलं. ती हसत गेली, हसत आली, आणि आम्ही दोघांनी पडद्यावर तिची पावलं मोजली. तिपाई स्लॅबच्या अगदी मध्यावर होती, दोन बीमांच्या मधोमध. स्लॅब तिथेच सगळ्यात जास्त लवतो.

बारा वाजता सगळं उचलून पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्यात नेलं, जिथे खाली कॉलम आहे. तिपाईचे दोन पाय बीमच्या रेषेवर, एक कॉलमच्या डोक्यावर. आईला पुन्हा चालायला लावलं. टोक एकच आलं, तेही अर्ध्या उंचीचं. पायांच्या जागी ऑइल पेंटने तीन गोल काढले. आता दर वेळी तिथेच.

दुसरं लक्षात आलं ते एक्स्पोजरचं. गाइड कॅमेरा एक सेकंदावर ठेवला होता. एक सेकंदात तारा जो हलतो तो बहुतेक हवेने हलवलेला असतो, आणि माउंट त्याच्या मागे धावून चूक वाढवतं. अडीच सेकंदांवर नेलं, दुरुस्तीचा किमान उंबरठा थोडा वाढवला, विषुवांशाच्या (पूर्व-पश्चिम) अक्षाचा जोर ६५ टक्के. आलेख लगेच शांत झाला. वजनाचा तोल पूर्वेकडे किंचित जड ठेवला, म्हणजे वर्म आणि चाकाचे दात सतत एकमेकांना टेकलेले राहतात.

८ फेब्रुवारी, शनिवार

लग्नाला वर्ध्याला. आकाश स्वच्छ होतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गच्चीवरून एनजीसी २९०३, पहिल्यांदाच. चंद्र मोठा, म्हणून फक्त गाइड तारा शोधण्याचा सराव.

एम १ आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ आहे, तिथे ओएजीत दर वेळी तीन-चार तारे मिळायचे. सिंह राशीकडे आपण आकाशगंगेच्या प्रतलाबाहेर बघतो. दीर्घिका तिथे भरपूर दिसतात त्या त्यामुळेच, आणि तारे विरळ असतात तेही त्यामुळेच. गाइड कॅमेऱ्याच्या तेरा कला बाय साडेनऊ कलांच्या चौकटीत एकही तारा नव्हता. नकाशाच्या सॉफ्टवेअरवर फ्रेम फिरवून पाहिली. संपूर्ण कॅमेरा ३५ अंश फिरवल्यावर बाराव्या प्रतीचा एक तारा प्रिझमवर येतो. तेवढा फिरवला, तीन सेकंदांत तारा पकडला. हा कोन कड्यावर खुणेने लिहिला. दीर्घिका फ्रेममध्ये आता तिरपी बसते. बसू दे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार, काटोलजवळ मामांची बाग

अमावास्या. वर्षातली ज्या रात्रीची वाट पाहत होतो ती.

पेंचचा विचार केला होता. २०२४ च्या जानेवारीत तो भारतातला पहिला डार्क स्काय पार्क झाला, सिल्लारीच्या बाजूने आकाश खरंच काळंभोर मिळतं. पण रात्रभर एवढा पसारा मांडायचा तर परवानग्या आल्या. मामांची संत्र्याची बाग नागपूरहून दीड तासावर, आणि तिथे कुणाला काही विचारायचं नाही.

साडेसहाला पोचलो. आंबिया बहार फुललेला, सगळ्या बागेला वास. पश्चिमेला शुक्र इतका तेजस्वी की झाडांच्या आडूनही जागा सांगत होता. तिपाई बागेबाहेरच्या पडीक तुकड्यात, पायांखाली फरशीचे तुकडे. स्लॅब नाही, भिंत नाही.

साडेआठला सुरुवात. तारे मोजले आणि दोनदा मोजले : २.६ विकला. गच्चीवर कधी न पाहिलेला आकडा.

शहरात आकाशच एवढं उजळ असतं की ६० सेकंदांतच पार्श्वभूमी कॅमेऱ्याच्या स्वतःच्या नॉइजच्या वर निघून जाते, लांब फ्रेमची गरज पडत नाही. इथे आकाश काळं, म्हणून १८० सेकंद. ३०० चा हट्ट सोडला. या कॅमेऱ्याचा रीड नॉइज दीड इलेक्ट्रॉनच्या आसपास, त्याला १८० पुरतात, आणि वारा आला तर तीनच मिनिटं जातात. दर तिसऱ्या फ्रेमनंतर डिदर, म्हणजे दुर्बीण मुद्दाम थोडी इकडे-तिकडे. डिसेंबरातल्या स्टॅकमध्ये (सगळ्या फ्रेम एकत्र करून बनवलेल्या चित्रात) तिरप्या बारीक रेघा उमटल्या होत्या. सेन्सरचे तेच ते ठिपके सरकत्या चित्राखाली एका रांगेत पडून त्या तयार झाल्या. डिदरने त्या विखुरतात.

दहाला तीन फेजची लाइन आली आणि मोटर सुरू झाली. मामा बॅटरी खाली जमिनीकडे धरून आले, मी सांगितलं होतं तसे.

“काहून रे, तुझ्याकडे पाणी येऊन राहिलं का? वळवू का दुसऱ्या वाफ्याला?”

“नाही मामा, इथपर्यंत येत नाही. तुम्ही झोपा आता.”

पाणी आलं नाही, पण ओल आली. अर्ध्या तासात समोरच्या काचेवर दव धरायला लागलं, कडेला धुरकट गोल. हीटरची पट्टी पूर्ण जोरावर नेली, वर योगा मॅटचं गुंडाळलेलं दवरोधक होतंच. काच साफ झाली. त्या सहा फ्रेम बाद.

सव्वाअकराला दीर्घिका डोक्यावर. दुर्बीण सरळ उभी, आणि कॅमेरा-गाइडर-रिड्यूसरची लांब शेपटी खाली तिपाईच्या पायाकडे. लाल दिव्यात वाकून पाहिलं : मधे दोन बोटं जागा. माउंट उलटवण्याआधी मी तिथे हात ठेवून उभा राहिलो, केबल ताणली जाते का ते बघत. नीट उलटलं. चित्र पुन्हा केंद्रात आणलं, फोकस पुन्हा केला, कारण आरसा आता दुसऱ्या अंगावर रेललेला. गाइड तारा त्याच्याबरोबरच सरकला होता, त्यामुळे फ्रेममध्ये जुळे नाहीत. ४ जानेवारीला जिथे ४० पिक्सेलची उडी होती, तिथे काही नाही.

उलटल्यानंतरचा आरएमएस : विषुवांशाचा अक्ष ०.५२, क्रांतीचा ०.४६, एकूण ०.६९.

दीडला थांबलो. ८४ फ्रेम.

२ मार्च, रविवार

८४ पैकी ७६ ठेवल्या. तीन तास अठ्ठेचाळीस मिनिटं. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममधला फरक डिदर वजा करून मोजला : माउंट उलटण्याआधी तासाला २ पिक्सेल, नंतर ४.

स्टॅकमधले तारे २.७ विकला बाय २.६. गोल.

दीर्घिकेच्या मधला दांडा स्पष्ट, त्याच्या दोन टोकांपासून सुटलेले बाहू, बाहूंत निळसर पुंजके. ईशान्येकडच्या बाहूत एक गाठ वेगळी उठून दिसते. हर्शलने तिला स्वतंत्र वस्तू धरलं, म्हणून तिला आजही एनजीसी २९०५ असा वेगळा क्रमांक आहे. तारे बनण्याचा एक भाग, तीन कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका बाहूतला. ४०० मिमीच्या जुन्या फोटोत ती जागा शोधली, तिथे नुसता बारीक डाग आहे. आईला दोन्ही फोटो दाखवले. तिने गाठीवर बोट ठेवून विचारलं, “हा अख्खा ढगच का?” हो म्हणालो.

या फ्रेम बिन केल्या नाहीत. २.६ विकलांच्या ताऱ्याला ०.५९ चा पिक्सेल थोडा बारीकच, पण गाठीतला फरक त्यात टिकतो. गच्चीच्या फ्रेम वेगळ्या, बिन करूनच. दोन्ही एका स्टॅकमध्ये मिसळणार नाही.

९ मार्च, रविवार

गच्चीवर आईने कुरडया घातल्या आहेत, तीन गोल सोडून. कूलर खाली काढायचे दिवस आले, स्लॅब आता रात्री एकपर्यंत गरम असतो, संध्याकाळी ४.८ विकला मोजली. या महिन्यात गच्चीवरून लांब फोकल लेंथचं काम करणार नाही.

२९ मार्चच्या अमावास्येला पुन्हा काटोल. तोवर दोन कामं. क्रांतीच्या अक्षात ६४० मिलिसेकंदांचं बॅकलॅश (दातांमधला ढिलेपणा) आहे, वर्म किंचित जवळ आणून पाहायचं. आणि तिपाईच्या पायाशी दोन बोटांची जागा चार बोटांची करायची : दुर्बीण माउंटवर बसवणारी डव्हटेल पट्टी मागे सरकवून, किंवा माउंटखाली अर्ध्या फुटाचा तुकडा घालून. वेल्डिंगवाल्याकडे माप दिलं आहे, बुधवारी मिळेल.